भिंतीतून आधी येणारा गोल

३ मार्च, सोमवार

ही डायरी लेकीने दिली. परत जाताना टेबलावर ठेवून म्हणाली, बाबा, रोज काय वाटतं ते लिहा, दोन ओळी का होईनात. आज काही वाटलं नाही. कालही वाटलं नव्हतं. झाल्या दोन ओळी.

पान बरंच उरलंय म्हणून लिहितो. टीव्ही बंद आहे. परवाच्या वादळात छतावरची डिश वाकडी झाली. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी निळी पाटी येते आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत राहते. काल संध्याकाळी मी तीच पाहत बसलो होतो. वाईट नव्हती.

४ मार्च, मंगळवार

डिशवाला येऊन गेला. खांद्यावर वायरचं वेटोळं, कानामागे पेन्सिल. आल्या आल्या विचारलं, छतावर जायचा जिना कुठे? जिना दादाकडे आहे.

ही डायरी उद्या लेकीच्या मुलांनी वाचली तर त्यांना कळावं म्हणून लिहून ठेवतो. माझ्या बाबांच्या मागे घराची वाटणी झाली तेव्हा पुढची मोठी खोली मधोमध भिंत घालून तोडली. एका विटेची भिंत, तीही घाईत घातलेली. जिना दादाच्या वाट्याला गेला, मागचं अंगण माझ्या. छत सामाईक. सामाईक म्हणजे भांडायला मोकळं. दादाने त्याची डिश बसवताना छताला भोकं पाडली आणि पाणी नेमकं माझ्या पलंगावर गळलं. मी म्हणालो, मुद्दाम पाडलीस. तो म्हणाला, तुझी डिश माझ्या डिशच्या तोंडासमोर ठेवलीस तू. एवढ्यावरून दोन सख्खे भाऊ बोलायचे थांबले ते थांबलेच. लोक म्हणतात, आपलेच दात नि आपलेच ओठ. माझा धंदाच कवळ्या बनवायचा. दात मी रोज हाताळतो. ते तरी नीट घासले तर एकमेकांवर बसतात.

डिशवाला म्हणाला, "शेजारी विचारा की, दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हणालो, राहू दे. त्याने माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, पाणी प्यायला आणि गेला.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, डिश सोडा आता, नेटवरचा टीव्ही घेऊ, छताचं कामच पडणार नाही. मला दोन्ही सारखंच. हो म्हणालो.

८ मार्च, शनिवार

नेटवाल्याने सगळं बसवून दिलं. दरवाज्याच्या वर एक डबी, तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकतो. रिमोट पोरांच्या खेळण्याएवढा, आकडे नाहीतच. आता तुलनाच करायची तर डिशच्या बाजूने एवढं म्हणेन की तिथे जे लागलं असेल ते पाहायचं, डोक्याला ताप नाही. इथे आधी ठरवावं लागतं. मी बराच वेळ नुसती चित्रं सरकवली. शेवटी समुद्रातल्या माशांवर एक कार्यक्रम होता, तो लावला.

एक गंमत आहे. बराच वेळ काही दाबलं नाही की टीव्ही थांबतो आणि पाटी येते, 'तुम्ही अजून पाहत आहात का?' डिशने असं कधी विचारलं नव्हतं. मी 'हो' दाबलं. पाहत नव्हतो.

९ मार्च, रविवार

संध्याकाळी मॅच. आमचा संघ पिवळ्या शर्टांचा. बाबा आम्हा दोघांना लहानपणी मैदानावर घेऊन जायचे, तेव्हाही हरायचा, आताही हरतो. निदान सातत्य आहे. ही असताना मी मॅचला फार ओरडायचो. ही आतल्या खोलीत बसायची, म्हणायची, "तुम्ही ओरडलात की आत दोन माणसांएवढा आवाज येतो." मी त्याला टोमणा समजायचो. ती गेल्यापासून मॅच लावलीच नव्हती, आज पहिल्यांदा लावली, आणि ओरडलेलो नाही. ओरडायचं नाही असं काही ठरवलेलं नाही. नुसतं होत नाही.

आज विचित्रच झालं. मी चहाचा कप घेऊन बसलो होतो. आमचा गोलकीपर सावकाश चेंडू जमिनीवर ठेवत होता, आणि भिंतीतून दादाचा आवाज आला, "गोऽऽल!" मला वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि तोवर चेंडू इकडून तिकडे, तिकडून आणखी पुढे, आणि खरंच गोल. आमचाच.

म्हणजे मला आधीच कळलं होतं. गोल झाला तेव्हा तो पाहून झाल्यासारखा होता.

दुसरं आश्चर्य असं की दादा अजून मॅच पाहतो. भिंत झाल्यापासून तिकडून कधी चकार शब्द ऐकू आला नव्हता. मी धरून चाललो होतो की त्याने फुटबॉल सोडला आणि आता वहिनीच्या मालिका पाहतो.

१० मार्च, सोमवार

कामात घोटाळा केला. एका आजोबांची वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी करायची होती. ठसे आले, साचे ओतले, मेण लावलं, दात बसवले, शिजवलं, चाकावर घासून चकचकीत केलं आणि पाठवून दिलं. दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. फार हळू बोलल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही दोन्ही वरच्याच पाठवल्यात. त्यांना वर एकच जबडा आहे हो." इतक्या वर्षांत मी असं केलेलं नाही. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हवं तर आठवडाभर सुट्टी घ्या म्हणाल्या. सुट्टी घेऊन मी काय करू? परत खालची करायला घेतली.

संध्याकाळी लेकीचा फोन. गोलाचं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, नेटवर सगळं थोडं उशिरानेच येतं, तुकडे तुकडे करून साठवून पाठवतात. म्हणजे आकाशात पार वर जाऊन येणारं आधी पोचतं आणि रस्त्यातल्या वायरने येणारं मागून. उलटा न्याय आहे. मी म्हणालो, "तो माणूस मला गोल आधीच सांगून टाकतो, मग मी पाहू काय?" पॉलिशच्या चाकाशी बसून बसून माझे कान गेलेत, म्हणून मी फोनवर जरा मोठ्यानेच बोलतो. ती म्हणाली, काकांना सांगू का? मी म्हणालो, काही गरज नाही.

तिने विचारलं, डायरीत काय वाटतं ते लिहिता ना? मी म्हणालो, टीव्हीबद्दल लिहितो. ती म्हणाली, चालेल.

१३ मार्च, गुरुवार

भांडी लावताना एक निळ्या काठाची वाटी सापडली. आपली नाही. आपल्याकडे सगळं स्टीलचं. हिने कुठून आणली, विचारायचं म्हटलं तर आता कुणाला विचारणार? परत मागे सारून ठेवली.

१६ मार्च, रविवार

आज तीन गोल झाले आणि तिन्ही आधी भिंतीतून आले. दोन त्यांचे, एक आमचा. त्यांच्या गोलाला दादा "मेलो!" म्हणतो. अगदी बाबा म्हणायचे तसं. ते मी विसरलो होतो.

तिसऱ्या गोलानंतर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि मी उठून आतल्या खोलीत जाऊन उभा राहिलो. इतकी वर्षं दोघांकडेही डिश होती. दोघांना चित्र एकाच क्षणी यायचं. गोल झाला की मी ओरडायचो, त्याच क्षणी तोही ओरडत असणार. मला माझाच आवाज ऐकू यायचा, त्याला त्याचा. दोघांचं ओरडणं एकदमच संपायचं. मग मी म्हणायचो, तिकडे सामसूम आहे. तोही तेच म्हणत असेल.

आतल्या खोलीतून हिला दोघेही ऐकू यायचे. दोन माणसांएवढा आवाज येतो असं ती म्हणायची. दोन माणसंच होती.

तिने हे मला सरळ का सांगितलं नाही? कदाचित सांगितलंच होतं, आणि मी मॅच पाहत असेन.

मी आज त्या खोलीत उभा राहिलो खरा, पण वाटलं काहीच नाही. हिशोब जुळला, एवढंच.

१७ मार्च, सोमवार

कालचं डोक्यातून जात नाही, म्हणून एकदा लिहून टाकतो आणि विषय संपवतो.

दादा मॅचला ओरडतो म्हणजे त्याचा गळा आणि कान ठणठणीत आहेत. मग ही गेली तेव्हा कुठे होते कान? शेवटचे दिवस टीव्ही आतल्या खोलीत हलवला होता, तिच्यासाठी. पहाटे ती गेली, टीव्ही चालूच होता. सकाळी डॉक्टर आले, लेक आली, माझ्या लॅबमधले दोघे आले, गल्लीतले चार लोक आले. दादा-वहिनी आले ते तिला न्यायची गाडी दारात लागल्यावर. तो घरातल्या सपाता घालून, वहिनीच्या हाताला भांड्यांचा साबण तसाच. गेटपाशी उभे राहिले दोघं. आत आलेच नाहीत. मीही या म्हणालो नाही.

लेक त्या दिवशी म्हणाली होती, काकांना कळवलंत का? कळवायला काय जायचं, भिंत एका विटेची आहे. ज्याला यायचं असतं तो येतो. मी तसा आवाज काही केला नव्हता म्हणा. पण तेवढं कळतंच माणसाला.

विषय संपला.

२३ मार्च, रविवार

दादाचं काहीतरी बिनसलंय. आज पहिल्या गोलाला नुसतं "गो—" एवढंच आलं आणि मध्येच तुटलं, कुणी तोंडावर उशी दाबावी तसं. दुसऱ्याला तेवढंही नाही, खुर्ची सरकल्याचा आवाज फक्त. मग बराच वेळ खोकला. माझ्या पडद्यावर दोन्ही गोल झाले, पण आज मी पडद्याकडे पाहत नव्हतो, भिंतीकडे पाहत होतो. तिकडे एक दिनदर्शिका टांगली आहे. गेल्या वर्षाची.

छातीत दम राहिला नसेल. सिगारेट सोड म्हणून बाबांनी कितीदा सांगितलं होतं.

शुक्रवारी वहिनी औषधाच्या दुकानातून येताना दिसली होती, हातात मोठी पिशवी. मी नेहमीप्रमाणे फाटकाची कडी लावण्यात गुंतलो. ती क्षणभर थांबली असं वाटलं.

रात्री जेवलो नाही. ताट वाढून घेऊन बसलो, तर भूक नव्हती.

२४ मार्च, सोमवार

लेकीला सहज विचारलं, तुझ्या काकांची तब्येत कशी आहे काही कळतं का? ती म्हणाली, मला कसं कळणार, तुम्ही शेजारी राहता. मग म्हणाली, बरे आहेत ते. मी विचारलं, आत्ता तर म्हणालीस कळत नाही. तिने विषय बदलला, राउटरचा हिरवा दिवा लागतो ना म्हणून विचारू लागली. लागतो म्हणालो.

२६ मार्च, बुधवार

लॅबमधून येताना नेटवाल्याची गाडी आमच्या फाटकाशी उभी. मला वाटलं माझ्याकडे आलाय, घाईने चावी काढली. तो म्हणाला, "नाही काका, आज तुमच्याकडे नाही," आणि हसला. गल्लीत नवीन गिऱ्हाइकं मिळतात त्याला, धंदा चांगला चाललाय.

अंधार पडायच्या सुमारास छतावर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, लागला हा पुन्हा भोकं पाडायला. पलंग भिंतीपासून सरकवून ठेवला. अजून गळलं तरी बादली आहे.

खालची कवळी आजोबांना नीट बसली. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम कळवलं. ते म्हणे लगेच सफरचंद खाऊन बघत होते.

३० मार्च, रविवार

हे आज लिहिलं नाही तर उद्या खरं वाटणार नाही.

मॅच सुरू झाली. आमचा एक खेळाडू रिकाम्या गोलसमोरून चेंडू बाहेर मारून बसला. असल्या वेळी दादा जे बोलतो ते डायरीत लिहिण्यासारखं नसतं. आज काहीच नाही. मी वाट पाहिली. चेंडू बाहेर गेला, पुन्हा दाखवला, हळू दाखवला. भिंत गप्प.

घरात कुणी नसेल म्हणावं तर टीव्हीची गुणगुण येत होती. ओट्यावर त्यांच्या खिडकीचा उजेड पडला होता. टीव्ही चालू, आणि माणूस गप्प. मी आवाज बंद करून भिंतीला कान लावला. खोकलासुद्धा नव्हता.

मग आम्हाला पेनल्टी मिळाली. मॅच संपत आलेली, एक गोल मागे, आणि पेनल्टी. हा माणूस पेनल्टीला गप्प बसणं शक्यच नाही. लहानपणी एकदा पेनल्टीला त्याने बाबांचा चष्मा बसल्या जागी मोडला होता. आमच्या खेळाडूने चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला, धावला. चेंडू वरच्या दांड्याला लागून बाहेर. माझ्या खोलीत कुणी काही बोललं नाही, भिंतीतूनही नाही.

मी उठलो. पुढचा ओटा दोघांचा एकच आहे, मध्ये फक्त कुंड्यांची रांग, वाटणीच्या वेळी ठेवलेली. ती ओलांडताना एक कुंडी माझ्या पायाने आडवी झाली. त्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

दादा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे टीव्हीवर. जिवंत. चांगला लालबुंद. वहिनी दाराकडे तोंड करून काहीतरी निवडत बसली होती, तिचे हात तसेच राहिले.

दादाने माझ्याकडे पाहिलं. किती वर्षांनी तो म्हणाला, "बारक्या, बस. पेनल्टी आहे."

त्याच्या पडद्यावर आमचा खेळाडू अजून चेंडू ठेवत होता.

मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. दारावर माझ्याकडच्यासारखीच डबी, तिच्यावर हिरवा ठिपका. दादाने न बघता माझं मनगट धरलं. लहानपणी मैदानावर धरायचा तसं, जरा दुखेल असं. म्हणाला, "आज घालतो बघ हा." मला माहीत होतं की दांड्याला लागणार आहे. मी काही बोललो नाही. खेळाडू चार पावलं मागे गेला. मला वाटायला लागलं की या वेळी जाईल आत. खरंच वाटायला लागलं. माझ्याकडे एकदा होऊन गेलेलं होतं, तरी.

दांड्याला लागला. दादा ओरडला, "मेलो!" आणि मीही ओरडलो. तोच शब्द. मघाशी हेच मी डोळ्यांची पापणी न हलवता पाहिलं होतं. आता ओरडलो ते थांबेना, मग ते ओरडणं राहिलं नाही, मी रडत होतो. स्टुलावर बसून, लहान पोरासारखा, नाक गळेपर्यंत. दादाने मनगट सोडलं नाही. वहिनी उठून आत गेली आणि पाणी घेऊन आली.

मॅच संपली. हरलो.

मग तो बोलायला लागला. लेकीने त्याला फोन करून सांगितलं होतं की बाबांचा टीव्ही उशिरा दाखवतो, तुमचं ओरडणं आधी पोचतं. तसं त्याने माझं फोनवरचं बोलणंही ऐकलं होतं. "तू फोनवर बोलतोस ते चौकापर्यंत जातं," म्हणाला. त्याला पहिल्यांदा आनंदच झाला होता. आपलं ओरडून झालं की आता मागून तुझं ऐकू येईल, असं वाटलं त्याला.

"दर गोलाला ओरडून झालं की मी टीव्हीचा आवाज बंद करून बसायचो. तुझं काही यायचंच नाही. हिला विचारलं, तुला येतं का ऐकू? ही म्हणाली, नाही."

मग त्याने तोंडावर टॉवेल धरून पाहिला. मग त्याला वाटलं की आपणच आधी सांगून टाकतो म्हणून तू ओरडत नसशील. बुधवारी नेटवाल्याला बोलावलं आणि स्वतःची डिश काढून टाकली. "म्हटलं, पूर्वीसारखं एकदमच ओरडू. नाही ऐकू आलं तरी चालेल. पण टॉवेल सवयीने तोंडाशी जातोच, आजही जात होता."

पण त्याचा टीव्ही जुना, त्याच्या मुलाने टाकलेला. तो माझ्याहूनही मागे चालतो.

वहिनीने निळ्या काठाच्या वाटीत खायला दिलं. मी म्हणालो, यातली एक आमच्याकडे आहे. ती म्हणाली, "ठाऊक आहे. तुमच्या दोन आमच्याकडे आहेत." दोघी जावा मागच्या अंगणातून काय काय देत घेत होत्या, मला आजपर्यंत पत्ता नव्हता. दादाला होता का, ते विचारलं नाही.

३१ मार्च, सोमवार

सकाळी कुंडी उचलून ठेवली. बाजूला ठेवली, रांगेत नाही.

लेकीने विचारलं, मग बाबा, शेवटी कुठला बरा ठरला, डिश की नेट? मी म्हणालो, दादाचा. तो सगळ्यात उशिरा येतो. ती म्हणाली, तुम्ही रडलात म्हणे. म्हणजे बातम्या अजूनही माझ्या आधीच पोचतात. मी म्हणालो, हो, काल वाटलं काहीतरी. डायरीत लिहिलंय.

संध्याकाळी काही मॅच नव्हती, तरी गेलो. दादाने समुद्रातले मासे लावले होते. त्यालाही त्या रिमोटवर दुसरं काही सापडत नाही. आम्ही तिघं मासे पाहत बसलो. वहिनीने मध्येच, माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या दिवशी काय झालं हो? आम्हाला तर गाडी आली तेव्हाच कळलं. मी भांडी घासत होते."

मी म्हणालो, मला वाटलं ऐकू गेलं असेल. दादा म्हणाला, "नाही गेलं."

मग सांगितलं. लेकीलाही हे सांगितलेलं नाही. पहाटे मी चहा करून आत गेलो. टीव्ही चालू होता, तिचे डोळे तिकडेच होते. मला वाटलं पाहतेय. मी पलंगावर बसून बोलत राहिलो. डिशवरचे चॅनेल कमी करू या म्हणालो, लेकीला पुढच्या रविवारी बोलावू म्हणालो, डॉक्टरीणबाईंकडची एक गंमत सांगितली. चहा निवाला म्हणून दुसरा करून आणला. तोही निवाला. तेव्हा मी तिच्या हाताला हात लावला.

वहिनी पदराने डोळे पुसत होती. मग दादा म्हणाला, "म्हणजे तुलाही उशिराच कळलं."

मी हो म्हणालो.

मासे थांबले होते. पडद्यावर पाटी आली होती, तुम्ही अजून पाहत आहात का? दादाने रिमोट हातात धरला, चष्मा वर केला आणि मला विचारलं, "बारक्या, काय दाबू?"

म्हटलं, हो दाब.